बुटक्या पायऱ्या

पुखराजभाऊंना राग फार लवकर येतो, हे जळगावच्या कापडबाजारात कुणालाही विचारा. गिऱ्हाइकाने कापडाचं चौथं थान उलगडायला लावलं आणि नुसतंच "बघतो" म्हणालं की भाऊंच्या भुवया जागेवर राहायच्या नाहीत. दुकान आता मुलाकडे आहे, पण भुवया तशाच आहेत. मात्र धुळ्याहून अमृतभाऊंचा फोन आला त्या दिवशी ते रागावले नाहीत. फोन ठेवला आणि चहा अर्धाच टाकून उठले. त्यांची मुलगी चेलना माहेरी आली होती, तिने ते पाहिलं आणि तिला कळलं की गोष्ट मनाला लागली आहे.

झालं होतं असं. येत्या रविवारी धुळ्याला साऱ्या भाऊबंदांचं संमेलन होतं. मारवाडातून खानदेशात आलेल्या मूळ पुरुषापासून आजच्या शेंबड्या पोरापर्यंत सगळा वंशवृक्ष भिंतभर रंगवून घेतला होता. प्रत्येकाच्या नावाखाली, त्याने समाजासाठी काय केलं त्याची एक ओळ. कुणी धर्मशाळा बांधली, कुणी पांजरपोळ काढला, एकाने तर गावच्या शाळेला नुसती घंटा दिली होती, तीही लिहिली होती. आणि पुखराजभाऊंच्या पणजोबांच्या, हस्तीमलजींच्या नावाखाली काय? 'पारोळ्यास गेले.' बस.

"मग काय लिहू?" अमृतभाऊ फोनवर म्हणाले होते. ते भाऊबंदांत सगळ्यांत थोरले, कारभारही त्यांचाच. "भावांशी भांडून धुळं सोडलं, पारोळ्याला जाऊन दुकान घालवून बसला, असं लिहू?"

"त्यांनी गावासाठी काहीतरी केलं होतं, भाऊ. माझी आजी सांगायची."

"काय केलं होतं?"

तिथेच गाडी अडली. आजी सांगायची खरं, पण काय सांगायची ते ऐकायला पुखराजला तेव्हा वेळ कुठे होता? तो पतंग उडवत होता.

"रंगारी शनिवारपर्यंत आहे. दगड, पाटी, काही दिसलं तर कळव," असं म्हणून अमृतभाऊंनी फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, एका ओळीचं एवढं काय? पण लहानपणी धुळ्याच्या लग्नाकार्यांत पुखराज मिठाईला जरा पुढे सरकला की कुणीतरी म्हणायचंच, "लंगड्या हस्तीमलच्या घरचा दिसतो." हस्तीमलजींचा डावा पाय बैलगाडीखाली येऊन अधू झाला होता. त्यांचा पाय, त्यांचं भांडण, त्यांचं मोडलेलं दुकान हे सगळं पुढच्या तीन पिढ्यांनी ऐकून घेतलं. आता नातवंडं त्या भिंतीसमोर उभी राहून फोटो काढणार होती. त्यांनीही तेच ऐकायचं का, हा भाऊंचा प्रश्न होता.

शुक्रवारी चेलनाने गाडी काढली. पारोळ्यात पोचल्यावर भाऊंनी व्यापाऱ्याच्या डोक्याने शोध सुरू केला. आपल्या लोकांनी एक पायरी जरी दिली तरी तिच्यावर नाव कोरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे जिथे संगमरवर दिसेल तिथे ते चष्मा पुसून उभे. जैन स्थानक झालं, धर्मशाळा झाली, दवाखान्याचा दरवाजा झाला, किल्ल्याजवळची पाणपोई झाली. नावं ढीगभर होती. पंख्याच्या पात्यांवरसुद्धा होती. हस्तीमल कुठेच नव्हते.

"पप्पा, त्यांनी नाव लावलंच नसेल तर?" चेलना म्हणाली.

"नाव न लावता कोण देतं?" भाऊ वैतागून म्हणाले आणि पुढे चालू लागले.

दुपारचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. त्यात घरून गाळून आणलेल्या पाण्याची बाटली धर्मशाळेच्या ओट्यावर विसरली. भाऊंना न गाळलेलं पाणी चालत नाही, तो त्यांचा नेम. दुकानातलं बाटलीबंद पाणीही नको. घसा कोरडा पडला तरी हट्ट सुटेना. शेवटी मोमीनपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एका लिंबाखाली ते टेकलेच. शेजारी पायऱ्यांची जुनी विहीर होती आणि समोरच्या दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. तिचं नाव शहजादी. तिचा मुलगा गफूर ओट्यावर कूलर दुरुस्त करत होता.

"भाऊले पानी दे रे," ती मुलाला म्हणाली.

भाऊंनी हात जोडले. "नको बाई. मी गाळलेलंच पितो."

"मंग? आमना घरनं बठ्ठं पानी गाळेलच शे," ती म्हणाली आणि तिने वर असं बघितलं, जणू न गाळलेलं पाणी पिणारी माणसं असतात हेच तिला नवीन होतं. चेलनाला तिची अहिराणी नीट समजेना, हे पाहून मग ती शहरी मराठीवर आली. "थांबा, तुमच्यासमोरच ताजं गाळते. खात्री होईल."

तिने दुहेरी फडकं कळशीच्या तोंडावर बांधलं, विहिरीतून काढलेलं पाणी ओतलं. भाऊ प्यायले. पोटभर प्यायले. आणि तांब्या खाली ठेवता ठेवता त्यांचा हात तसाच राहिला.

शहजादीने फडकं पिळलं नव्हतं, झटकलंही नव्हतं. ते उलटं करून तिने गाळलेल्या पाण्याने एका लोटीत हळूच धुतलं. मग लोटी घेऊन विहिरीत उतरली, अगदी पाण्यापर्यंत, आणि लोटी पाण्याला टेकवून अलगद कलती केली. फडक्यावर अडकलेले बारीक जीव जिथले होते तिथे परत गेले. जैनांच्या घरात याला जिवाणी म्हणतात. भाऊंची आई रोज करायची. जळगावच्या घरात नळ आले आणि ते बंद पडलं. पुढे भाऊ ते विसरूनही गेले होते.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"सासूने. तिला तिच्या सासूने." शहजादी वर येत म्हणाली. "दुष्काळात इथे प्यायला थेंब नव्हता म्हणे. एका शेटने विहीर खणून दिली. लोक म्हणाले, तुमचं नाव घालू. तो म्हणाला, नाव नको, एवढंच करा, पाण्यासोबत जे जीव वर काढाल ते परत घरी पोचवा. गल्लीने कबूल केलं. आता नळ आलेत, पण कबूल केलं ते केलं."

"शेटचं नाव?"

"काय माहीत बाबा. लंगडा होता. पाणी लागेपर्यंत रोज काठी टेकत खाली उतरायचा. म्हणून तर पायऱ्या अशा बुटक्या बांधल्या. आम्हा बायकांचं भलं झालं. पोटात पोर असतानाही उतरता येतं."

चेलनाने खाली पाहिलं. खरंच, प्रत्येक पायरी जेमतेम चार बोटं उंच होती, एखाद्या लहान मुलासाठी बांधल्यासारखी. भाऊ लिंबाला टेकले आणि त्यांना रडू आलं. गिऱ्हाइकाला चळचळा कापायला लावणारा माणूस, गफूरने आणलेल्या खुर्चीवर बसून मोकळेपणी रडला आणि त्याला फार बरं वाटलं.

भाऊंनी रात्री फोनवर कळवलं, तसे शनिवारी सकाळी अमृतभाऊ धुळ्याहून स्वतः पारोळ्याला आले. "ऐकीव गोष्ट भिंतीवर चढवत नसतात," असं कुरकुरतच ते काठी टेकत गाडीतून उतरले. गुडघ्यांनी त्यांचा जीव खाल्ला होता. घरचा वरचा मजला त्यांनी केव्हाच सोडला होता. विहिरीच्या काठाशी ते थबकले.

"उतरा," पुखराजभाऊ म्हणाले. "काठी टेकत टेकत."

अमृतभाऊंनी एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग कुणाचा हात न धरता ते खाली गेले, पाण्यापर्यंत. तिथे वाकून त्यांनी एक पायरी हाताने चाचपली.

"गुडघा दुखला नाही रे," ते म्हणाले. "लंगड्या लंगड्या म्हणून सगळ्यांत जास्त मीच हसायचो. आणि आज मलाच त्याने उतरवून घेतलं."

तेवढ्यात धुळ्याहून रंगाऱ्याचा फोन आला. पुखराजभाऊंनी रात्रभर जुळवलेला मजकूर खिशातून काढला. त्यात दुष्काळ होता, दानशूरपणा होता, जीवदया होती. अमृतभाऊंनी तो हाताने बाजूला सारला आणि फोनवर सांगितलं, "हस्तीमलजी. पारोळ्यास गेले. विहिरीच्या पायऱ्या बुटक्या बांधल्या. एवढंच लिही."

"एवढंच? लोकांना काय कळणार?" भाऊंच्या भुवया वर गेल्या.

"नाही कळलं की विचारतील. विचारलं की तू सांग. दुकान पोरावर टाकलंयस, तुला दुसरं काम काय?"

रविवारी धुळ्याला पुखराजभाऊ दिवसभर त्या एका ओळीखाली उभे होते. शेजारच्या खुर्चीत शहजादी बसली होती, कारण अमृतभाऊंनीच गाडी पाठवून मायलेकांना आणवलं होतं. भाऊ सांगायचे, कुठे चुकले की ती दुरुस्त करायची. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसला, पण कुणी पुन्हा विचारलं म्हणून राग काही आला नाही.