योगिनीची भांडी

ग्रामपंचायतीतल्या माणसाने दोन मृत्यूचे दाखले माझ्या हातावर ठेवले. एक पुंजाचा, एक सिंधुबाईचा. मला जन्म देणारी दोघंही गेली होती; बाप माझ्या जन्माआधीच, आई दोन वर्षांपूर्वी. माझ्या जन्माच्या नोंदीत नावाची जागा कोरी होती. बारशाआधीच संस्थेत दिलेल्या पोरीला नाव कुठून असणार?

नाशकात, इंदिरानगरला मला आई आहे, पप्पा आहेत, त्यांनी हौसेने ठेवलेलं राखी हे नाव आहे. "जाऊन ये एकदा, नाहीतर कुढत बसशील," असं आईच म्हणाली होती. मला एवढंच हवं होतं: जन्म देणाऱ्या त्या बाईने मनातल्या मनात तरी मला कशी हाक मारली होती? सरकारी कागदाला त्याचं काय पडलंय!

म्हणून तिचं घर शोधत निघाले. घराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर कुसाबाई बसली होती. सिंधुबाई आणि ती लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर जोडीने कांदा निवडायच्या.

"मी सिंधुबाईंच्या लांबच्या नात्यातली," मी ठोकून दिलं. मुलगी म्हणायची हिंमत झाली नाही.

"बरी आली बाई! मग योगिनीला वळखत असशील. तिची भांडी तेवढी नेऊन दे."

"कोण योगिनी?"

"मला काय ठावं?" तिने आतून एक पोतं फरफटत आणलं. वाटी, पेला, ताटली, शाळेत न्यायचा डबा, परात, कळशी, अशी कितीतरी भांडी. सगळं स्टीलचं, कोरं करकरीत. पंगतीत भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घरोघरी नाव घालतात, तसं प्रत्येकावर नाव घातलेलं.

"सिंधूच्या घरात दोन पोचे पडलेली पातेली, आन् फळीवर ही! लोकांची भांडी दाबून बसलीस म्हणून मी लय चिडवायचे. ती हसायची. म्हणायची, जिची हाय ती येईल न्यायला. ती गेल्यावर बाकी समदं वाटून टाकलं. पण दुसऱ्याचं नाव घातलेलं भांडं कसं वापरायचं? ठेवलं आपलं सांभाळून."

मी वाटी उचलली. 'योगिनी', आणि खाली माझी जन्मतारीख. पेल्यावर तीच तारीख, साल पुढचं. ताटलीवर त्याच्याही पुढचं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला एक भांडं. कळशीवर दोन वर्षांपूर्वीचं साल होतं. त्या दिवशी मी नाशकात मैत्रिणींबरोबर केक कापत होते.

मला रडू आवरेना. इतकी जवळ होती ती, आणि मी तिला एकदाही पाहिलं नाही.

"मावशी, हे पोतं मी नेते."

"तुला कसं देऊ? योगिनीचं हाय ते."

"मीच आहे," मी म्हणाले. त्या नावाला मी पहिल्यांदाच ओ दिली, आणि हाक मारणारी नव्हती.

कुसाबाईने माझा चेहरा निरखून पाहिला. मग तिने पोत्यातला पेला काढला, धुतला, पाण्याने भरून माझ्या हातात दिला.

"लय उशीर केला गं पोरी," ती म्हणाली. "लय वाट बघितली तिनं."