आरोपी गलबत 'थँकफुल'

मी आरोपी बोलतेय. दोन डोलकाठ्यांचं, मीठ आणि सुकी मासळी वाहणारं एक साधं गलबत. तरीही आरोपी. 'संयुक्त संस्थाने विरुद्ध गलबत थँकफुल' असा माझा खटला चालला. चूक झाली असेल तर ती माणसांच्या हातून झाली, पण जकातीच्या कायद्याने कठड्यात उभं केलं मला. मला बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेत, मेन प्रांताच्या किनाऱ्यावरच्या एका लहान खाडीत मी जन्मले. कॅप्टन एल्नाथन डाइक आणि त्याच्या मेहुण्याने मला घराच्या अंगणातच बांधलं. ओकच्या फासळ्या, पाइनच्या फळ्या, फटींमध्ये डांबरात भिजवलेला ताग. कॅप्टनची बायको थँकफुल दुपारी त्यांच्यासाठी शिजवलेल्या घेवड्याचं मडकं घेऊन यायची. नावही तिचंच ठेवलं. ते ऐकून ती म्हणाली, "आता तू 'थँकफुल' म्हणून ओरडलास की मला बघावं लागेल, कुणावर ओरडतोयस ते."

"तुझ्यावर ओरडायची माझी हिंमत आहे का?" कॅप्टन म्हणाला.

वसंतात आम्ही सुकवलेला कॉड मासा घेऊन दक्षिणेच्या बेटांकडे जायचो आणि तिकडून मीठ आणायचो. त्या मिठावर गावाची मासळी टिकायची. डाइकांचं घर माझ्यावर चालायचं. माझ्याखेरीज त्यांच्याकडे काही नव्हतं.

त्या वर्षी परतताना ईशान्येच्या वादळाने मला बडवलं आणि तळाची एक फट उघडली. कशीबशी आम्ही बंदरात आलो. नियमाप्रमाणे जकातीचा माणूस, ओबेड विंच, माझ्यावर येऊन बसला. माल पूर्ण उतरेपर्यंत त्याने गलबतावरच राहायचं आणि कॅप्टनने त्याला जेवू घालायचं, ही इथली रीत. कॉड आणि बटाट्याच्या रश्श्याचे दोन वाडगे त्याने संपवले, तिसरा मागितला.

माल उतरवायचा परवाना होता, पण फक्त दिवसाउजेडी. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा निम्मं मीठ अजून माझ्या पोटात होतं आणि खालून पाणी चढत होतं.

कॅप्टन म्हणाला, "ओबेडभाऊ, मीठ विरघळतंय. थांबू की उतरवू?"

"मी काय सांगणार? गलबत तुमचं."

"जकातीचे तुम्ही. म्हणून तर विचारतोय."

"मी कुठे बघतोय, कॅप्टन? मी जेवतोय."

कॅप्टन हसला. इतक्या वर्षांत असलं बोलणं म्हणजे होकार असंच सगळे धरत आले होते. त्यानेही धरलं आणि उरलेलं मीठ उतरवलं.

सकाळी तोच ओबेड आपल्या अधिकाऱ्याला घेऊन आला. सूर्यास्तानंतर माल उतरवला, म्हणून माल जप्त, गलबतही जप्त. समन्स माझ्याच डोलकाठीवर खिळ्याने ठोकलं. जप्त गलबत विकलं की निम्मे पैसे खजिन्यात जातात आणि निम्मे जकातीचे साहेब आणि खबर देणारा यांच्यात वाटले जातात. राष्ट्र नवं आहे, माणसांनी मन लावून पहारा करावा म्हणून ही सोय, असं म्हणतात. मन लावलंच होतं त्यांनी.

त्याच आठवड्यात एका मोठ्या व्यापाऱ्याच्या जहाजावर लपवलेली दारू सापडली. त्याच्या दोन मित्रांनी जामिनावर सह्या केल्या आणि जहाज पुढच्या भरतीला निघूनही गेलं. कॅप्टनचे मित्र मासेमार. त्यांच्या सहीला कोण विचारतो?

बाजारात लोक थँकफुलला चिडवायचे, "काय वहिनी, तुमच्यावर खटला आहे म्हणे. काय चोरलंत?" ती हसायची नाही. शेजाऱ्यांना घेऊन ती न्यायाधीशांकडे गेली, फसवायचा हेतू नव्हता अशी साक्ष नोंदवली. असा अर्ज राजधानीत खजिन्याच्या मंत्र्यांकडे जातो आणि त्यांना वाटलं तर ते माफी देतात. अर्ज गेला. आम्ही वाट पाहू लागलो.

वाट पाहताना माझ्यात पाणी भरत होतं. लाकडी गलबताचं पाणी रोज उपसावं लागतं, हे या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"फक्त पाणी उपसतो," कॅप्टन माझ्यावर पहाऱ्याला बसवलेल्या रखवालदाराला म्हणाला. "काही नेत नाही."

"जप्तीच्या मालाला हात लावायचा नाही, कॅप्टन. साहेबांना विचारा."

साहेब म्हणाले, "गलबत माझं नाही, तुमचंही नाही. आता ते कोर्टाचं. कोर्टाला विचारा." आणि कोर्ट तर हिवाळा सरल्यावर बसणार होतं.

एके दुपारी थँकफुल आली. रखवालदार आडवा आला तशी ती म्हणाली, "समन्सवर नाव कुणाचं आहे, वाच. आरोपी हजर आहे. हो बाजूला." बिचारा समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. हाताला फोड येईपर्यंत तिने पंप चालवला. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस माझ्या पंपाचा दांडाच काढून घेऊन गेला.

मग बर्फ आला. फटींमधलं पाणी गोठलं, फळ्या फाकल्या. वसंतात कोर्ट बसलं, पण मंत्र्यांचं उत्तर आलं नव्हतं म्हणून खटला पुढे ढकलला. उन्हाळ्यात किडा लागला. मी कलंडले, चिखलात बसले. पुन्हा बर्फ आला.

शेवटी माफी आली. फसवायचा हेतू दिसत नाही, खर्च भरून घ्यावा आणि गलबत सोडावं. खर्च म्हणजे धक्क्याचं भाडं आणि रखवालदाराचा पगार. ज्याने पाणी उपसू दिलं नाही, त्याचा पगार कॅप्टनने भरायचा. कॅप्टनने गाय विकून तो भरला. त्याला वाटत होतं, मी अजून तरंगेन.

साहेब स्वतः धक्क्यावर आले. पंपाचा दांडा त्यांनी नीट फडक्यात गुंडाळून आणला होता. म्हणाले, "सगळं सामान परत मिळालं, एवढी सही करा."

कॅप्टनने लेखणी घेतली नाही. थँकफुलने दांडा घेतला, माझ्या फुटलेल्या कुशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सही तिच्याकडून घ्या. निर्दोष ती सुटलीय."

साहेब चिखलात उतरले नाहीत. कॅप्टन आता दुसऱ्याच्या गलबतावर मजुरी करतो. ओबेड विंच आजही कुणाच्या तरी गलबतावर रस्सा ओरपत असेल.

मी इथेच आहे. ओहोटीला माझ्या फासळ्या दिसतात. राष्ट्राला पैसा लागतो हे मला कळतं, मीही त्याच्यासाठीच मीठ वाहिलं. खटले चालवा, खुशाल चालवा. पण तुमचा निकाल लागेपर्यंत कुणाला तरी पाणी उपसू द्या.