गुणाबाईंची खोटी महाधमनी

मित्रांनो, मी एक जुनी महाधमनी आहे, आणि तीही खोटी. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. नाहीतर माणसांशी मैत्री करावी असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलं नाही.

हृदयातून निघून पोटापर्यंत उतरणारी, शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. मी सिलिकॉनची आहे. पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला साच्यात ओतून घडवलं. घडवणारी रोशनी, सुकापूरहून रोज स्कूटरवर येणारी, पीएचडी करणारी मुलगी. आकार मात्र उसना. तो करंजा बंदरावरच्या गुणाबाई कोळणीचा. गुणाबाईंच्या पोटात या रक्तवाहिनीला एका जागी फुगवटा आला होता. तो मोठा असता तर डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं असतं, लहान असता तर नुसती नजर ठेवली असती. तो निघाला नेमका मधला. कापावं तर साठीच्या बाईच्या जिवाला धोका, थांबावं तर फुटून क्षणात खेळ खलास. म्हणून डॉक्टरांनी स्कॅन कॉलेजात पाठवला, की बघा, तुमचं गणित काय म्हणतं.

मला नळ्या जोडल्या, एका पेटीत टांगलं आणि पंप सुरू केला. मिनिटाला सत्तर ठोके. पोटातून लाल पाणी धावायचं आणि मी श्वास घेतल्यासारखी फुगायची, आवळायची. पहिले काही दिवस सगळे कौतुकानं बघत. मग शेजारच्या टेबलावरच्या संगणकाचं काम सुरू झालं आणि माझं कौतुक आटलं. त्याच्या पडद्यावर माझाच आकार होता, पण लाखभर बारीक तुकड्यांचा. आतल्या रक्ताचा दाब सांगितला की प्रत्येक तुकड्यावर ताण किती पडतो ते तो काढायचा. ताण कमी तिथं निळा रंग, जास्त तिथं लाल. पाहुणे आले की त्याच्यापुढे गर्दी. त्याला म्हणायचे मॉडेल, मला म्हणायचे रबर. मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या आहेत, खोटं कशाला सांगू?

रोशनीचे गाईड कृष्णकांत सर तर मला शत्रूच मानत. "हे खेळणं किती दिवस ठेवायचंय?" असं दर सोमवारी विचारत. संगणकानं सगळं निळं दाखवलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी रिपोर्ट पाठवला. ताण कमी आहे, थांबायला हरकत नाही, वर्षानं पुन्हा तपासा. गुणाबाई घरी गेल्या. मी तिथंच धडधडत राहिले. सहा महिने ठोके खाऊन माझी पाठ कडक झाली, रंग पिवळा पडला. कुणी साधी धूळही पुसली नाही.

मग एका सकाळी गुणाबाई स्वतः आल्या. रोशनीला एका कागदावर त्यांची सही हवी होती. पण सही राहिली बाजूला, मला बघून त्यांचा पारा चढला.

"ही माजी नस हाय? अशी टांगून ठेवलीव? आनि मला कुनी सांगलं पन नाय?"

"काकू, तेव्हा संमतीचा फॉर्म भरला होता ना आपण."

"फॉर्म! तुमचा फॉर्म ठेवा तुमच्यापाशी. या नसंवर मी पाट्या वाहून तीन पोरं वाडवली."

रोशनीनं फाइल उघडली. "पण काकू, यात तर लिहिलंय, जड उचलत नाही. मी विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात."

"मंग? मी कुटं उचलते? दोगी जनी पाटी उचलून डोक्यावर ठेवतान. मी नुसती उटते."

मित्रांनो, करंजाच्या बंदरावर आपली पाटी आपण उचलायची नसते. लिलाव संपला की बाई उकिडवी बसते, दोन शेजारणी मासळीनं भरलेली पाटी, म्हणजे टोपली, तिच्या डोक्यावर ठेवतात, आणि ती श्वास कोंडून एका झटक्यात उठते. पस्तीस किलो. मग डोक्यावर ओझं असल्यानं ती दुसऱ्या कुणाची पाटी उचलायला जात नाही, सरळ टेम्पोकडे चालू लागते. म्हणजे गुणाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. रोशनीनंही चुकीचं लिहिलं नव्हतं. आणि संगणकाला दिला होता तो दाब इस्पितळात, पाठीवर निजवून, पंख्याखाली मोजलेला; ओझं घेऊन उठताना तो किती चढतो ते कुणी बघितलंच नव्हतं.

रोशनीनं त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. "फक्त तशा बसा, श्वास कोंडा. डोक्यावर काही ठेवायचं नाही हं!" गुणाबाई कुरकुरत बसल्या. रिकाम्या डोक्यानंच आकडा एकशे शहात्तरवर गेला. रोशनीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्या पंपाचा दाब वाढवायला घेतला. एकशे ऐंशी. दोनशे.

तेवढ्यात कृष्णकांत सर आले. "काय चाललंय हे? बंद कर तो पंप. रिपोर्ट गेलाय आपला!"

"सर, दाब चुकीचा दिलाय आपण."

"मॅडम, सहा महिन्यांनी आठवलं? कॉलेजचं नाव जाईल माहितीये? बंद कर म्हटलं ना!"

तिनं बंद केला नाही. दोनशे वीसला माझी पाठ फाटली. संगणकानं जिथं निळं दाखवलं होतं, तिथंच. लाल पाण्याची चिळकांडी थेट सरांच्या शर्टावर उडाली. मला दुखलं, आणि आनंदही झाला.

सर शर्ट झटकत म्हणाले, "जुनं सिलिकॉन फाटलं म्हणजे बाईची नस फाटेल असं सिद्ध होत नाही." बोलणं अगदी खरं होतं, म्हणूनच माझा संताप झाला.

रोशनी वाद घालत बसली नाही. तिनं नवा दाब संगणकाला दिला. दुपारपर्यंत तो घोळत राहिला, आणि मग पाठीवरचा निळा डाग हळूहळू लाल झाला. माझा वैरी, पण त्या दिवशी बरोबर बोलला. सरांची परवानगी न घेता तिनं डॉक्टरांना फोन लावला. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाठीमागची भिंत कागदाएवढी पातळ झाली होती, पुढची पाटी बहुधा शेवटचीच ठरली असती.

आता तुम्ही म्हणाल, गोड शेवट झाला. थांबा. सर वर्षभर रोशनीशी धड बोलले नाहीत. आणि चार महिन्यांनी गुणाबाई पुन्हा आल्या, त्या आभार मानायला नव्हे.

"पाटी बंद केली माजी डाक्टरनं. सून जाते बंदरावर. मी ओट्यावर बसून रस्ता बघते. चाळीस वर्सं बाजारान माजी जागा होती, तिथं आता दुसरीच बसते. जगवलीस ना मला? मंग आता सांग, जगून करू काय?"

रोशनी पाऊण तास उभ्यानं ऐकत राहिली. हातात फॉर्म नव्हता. मी फाटकी, पेटीत लोंबकळत, हेही बघितलं. गुणाबाईंना वाचवण्यात माझाही वाटा होता, पण त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला नाही. मला लाज वाटली.

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी रबर आहे, मला खुशाल भंगारात टाका. पण तुमच्या दारात मासळीवाली येईल तेव्हा नुसते भाव पाडत उभे राहू नका. आधी तिची पाटी उतरवायला हात लावा. ती किती जड आहे ते तेव्हा तुमच्या हातांना कळेल.