गुरू ओचोलाचं अर्धं डोकं

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. काच तडकलेली, पाठीला रबर बँड. पण माझी कीव करू नका. मी एका माणसावर डूख धरून आहे.

बॅटरी ८८ टक्के.

किसुमू शहराच्या बाजारातल्या एका टपरीवरून अपोंडीने मला घेतले. पिठाच्या डब्यावर मला उभे करून ती वेण्या घालायला शिकवायची. सहा वर्षे. एकटी. चित्रण तिचे, आवाज तिचा, डोकी शेजारणींची. चाळीस हजार बायका इंटरनेटवरच्या तिच्या पानावर शिकू लागल्या. "या डबड्यातून एवढं छान दिसतं?" असे कोणी म्हटले की मी फुगायचो.

६१ टक्के.

चूक पहिल्याच दिवशी झाली होती. अपोंडीचे ओळखपत्र कचेरीत अडकले होते, म्हणून मावसभाऊ ओचोलाच्या ओळखपत्रावर सिम घेतले आणि त्या नंबरावर पान उघडले. इथे सगळेच असे करतात. पान वाढल्यावर ओचोलाने त्याच नंबराचे नवे सिम काढून घेतले. माझ्यातले सिम मुके झाले आणि त्या नंबरावर नवा पासवर्ड मागवून त्याने पान बळकावले. पानावर नाव आले, 'गुरू ओचोला'. व्हिडिओत हात मात्र तिचेच.

मी रडलो. नाही, हे खोडा. मोबाइल रडत नाही.

२९ टक्के.

अपोंडीने स्वतःच्या नावावर सिम घेतले, स्वतःची वेबसाइट काढली. वाटेकरी कोणी नाही. विद्यार्थिनी अकरा.

एका दुपारी ओचोला दारात. "ताई, उद्या वडीलधाऱ्यांना घेऊन मुलगी मागायला जायचंय. वेण्या घालून डोकं करून दे ना. तुझ्यासारखा हात कुणाचाच नाही."

"बस की, गुरुजी."

तिने मला डब्यावर ठेवले, वेबसाइटवर लाइव्ह सुरू केले.

"मला डावीकडून घे हं," तो म्हणाला.

अर्धे डोके झाले आणि हात थांबले.

"उरलेलं?"

"आधी माझं पान दे."

"अगं, सगळे बघतायत!"

"बघू देत."

अकरा जणींनी मैत्रिणींना बोलावले. बघता बघता तीनशे झाल्या. त्यांत नवरीची मावशी रिस्पर निघाली. तिने लिहिलेले अपोंडीने मोठ्याने वाचले, "जावईबापू, वेण्या तर तुम्ही शिकवता ना?"

४ टक्के.

एवढा तग मी कधी धरला नव्हता. ओचोलाने खाली मान घालून आपल्या मोबाइलवरून पानाचा नंबर बदलला, तिचा टाकला. नवा पासवर्ड तिने स्वतः घातला.

"आता तरी घाल गं, ताई! सकाळी निघायचंय."

"गुरू ना तू? आरशात बघ आणि घाल."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला जपा किंवा जपू नका. पण आपल्या कष्टाचे दार दुसऱ्याच्या नावाने उघडू नका. आणि कोणी ते बळकावलेच, तर मोठ्या मनाने क्षमा करा, असे सगळे सांगतात.

मी सांगत नाही. त्या अर्ध्या डोक्याचा व्हिडिओ मी तीन ठिकाणी जपून ठेवला आहे.