उपाशी टाकी

कोचच्या सासूबाईंच्या दोन गोष्टींना घरातलं कुणी हात लावत नसे. एक त्यांची दुपारची झोप आणि दुसरी त्यांची गाडी.

गाडी म्हणजे दोनच माणसांची, बुटकी, तांबडी स्पोर्ट्स कार. ऐन उमेदीत सासूबाईंनी ती घाटाच्या शर्यतींत पळवली होती आणि तिचं इंजिन स्वतःच्या हातांनी खोलून पुन्हा बसवलं होतं. "असलं इंजिन आता मिळत नाही," हे वाक्य त्या अशा सुरात म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, ते आपल्यामुळेच मिळेनासं झालं. मध्यंतरी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी टेकत चालता यायला लागल्यावर त्यांनी गाडीला नवा टर्बो बसवून घेतला आणि जुन्या शर्यतवाल्यांच्या मेळाव्यात ती आपण स्वतः चालवणार, असं जाहीर केलं. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलचं माप नव्याने जुळवावं लागतं. ते न जुळवता गाडी दामटली, तर इंजिन जळून जातं.

"जावईबापू, ट्यूनिंगचं तुम्ही बघा," सासूबाई म्हणाल्या. "इंजिन जसं नेलंत तसं परत आणा. बाकी माझं काही म्हणणं नाही."

बाकी काही म्हणणं नसलेली सासू म्हणजे काय, हे जावयांना सांगायला नको.

कोच नुकताच निवृत्त झाला होता. बॉक्सिंगचा कोच. मोठमोठ्या दांडगटांना त्याने दम देऊन गप्प बसवलं होतं, पण सासूबाईंसमोर तो अजूनही खुर्चीच्या कडेवर बसत असे.

पहिल्यांदा मेहुणा त्याला आपल्या ओळखीच्या ट्यूनरकडे घेऊन गेला. काचेचं ऑफिस, मऊ सोफा, भिंतभर ढाली. ट्यूनरने कॉफी दिली आणि कॉफीबरोबर आकडाही दिला.

"चारशे हॉर्सपॉवर. शब्द आहे आपला."

"गाडी बाहेर उभी आहे. बघता ना?" कोचने विचारलं.

"बघायचं काय त्यात? तुम्ही फक्त किल्ली द्या."

कोचने कॉफी संपवली आणि किल्ली खिशात घट्ट धरून बाहेर आला.

"काय झालं भाऊजी? चारशे म्हणतोय तो!"

"पोराचे पाय न बघता सुवर्णपदक कबूल करणारे मी आयुष्यभर बघितलेत रे. सगळ्यांच्या ऑफिसात सोफे होते."

दुसरी ट्यूनर एक बाई होती. तिच्या शेडमध्ये सोफा नव्हता, आणि बोलण्यात मऊपणा त्याहून नव्हता. तिने आधी बॉनेट उघडायला लावलं. वाकून वास घेतला, एक रबरी नळी दाबून बघितली, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. ऑइल कधी बदललं? स्पार्क प्लग कुठले? हवा कुठून निसटते का, ते तपासलं का?

"किती हॉर्सपॉवर मिळतील?" मेहुण्याने मध्येच विचारलं.

"मिळतील तेवढ्या."

"म्हणजे किती?"

"तुमचं वजन किती हे मी न तोलता सांगू का? चालेल, सांगते. पण मग रागवायचं नाही."

मेहुण्याने पोट आत घेतलं. कोचला बाई तिथल्या तिथे पसंत पडली.

"नवे प्लग, नवं ऑइल," ती म्हणाली. "ही नळी बदला, क्लिपा आवळा. टायर धड असू देत. आणि टाकी भरून आणा. नेहमी जे पेट्रोल घालता, तेच."

इथवर कोचचं सगळं बरोबर होतं. शहाणपणाचा तेवढा कोटा त्याने इथे संपवून टाकला.

प्लग बदलले, ऑइल बदललं, नळी बदलली, क्लिपा आवळल्या. टाकीपाशी येऊन मात्र त्याच्यातला कोच जागा झाला. बाईला ट्यूनिंगमधलं कळतं, कबूल. पण परीक्षेला कसं उतरवायचं, ते तिला कोण शिकवणार? लढतीआधी वजन करतात, त्या दिवशी पोटभर जेवून कुणी काट्यावर उभं राहतं का? त्याच्या तालमीतली पोरं आदल्या दिवसापासून पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. तेव्हा त्याने आधी सुटं चाक काढलं, मग जॅक काढला, मग शेजारची सीट खोलून खाटेखाली ढकलली. टाकीत तर पेट्रोल भरलंच नाही. तळाला जेमतेम शेडपर्यंत पोचून वर थोडं उरेल, एवढंच राहिलं असेल. गाडी कशी हलकी, चपळ, भुकेली दिसत होती! भुकेलेला खेळाडूच खरा लढतो, असं त्याने बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "आईला विचारलंत का?" त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

ठरल्या दिवशी मेहुण्याबरोबर रिक्षाने सासूबाईही आल्या. शेडमधल्या खुर्चीवर दोन्ही हात काठीवर ठेवून बसल्या. ट्यूनिंग व्हायचं होतं डायनोवर. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले लोखंडी रूळ. त्यांवर मागची चाकं चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी भरधाव पळवायची. किती ताकद निघते, ते यंत्र सांगतं. गाडीला वारा मिळावा म्हणून पुढ्यात एक भलाथोरला पंखा.

"शेजारची सीट कुठेय?" ट्यूनरबाईने दार उघडून विचारलं.

"घरी ठेवलीय. वजन कमी करायला."

"अहो कोच, गाडी इथून एक बोटभर पुढे जाणार नाहीये. वजनाचा संबंध काय?"

मेहुणा खो खो हसला. कोचचे कान लाल झाले.

"टाकी भरलीत ना?"

"हूं," कोच म्हणाला. मेहुण्यासमोर आणखी एकदा हसं करून घ्यायची त्याची तयारी नव्हती. बाईने पेट्रोलच्या काट्याकडे नजर टाकली. काटा अर्ध्यावर होता. ती मान हलवत आत बसली, कानांवर जाडजूड कानबंद चढवले आणि इंजिन सुरू केलं.

आधी हळूहळू. लॅपटॉपवर बघत, माप जुळवत. मग आवाज चढू लागला. शेडचे पत्रे थरथरायला लागले. कोचने खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसली आणि सासूबाईंच्या कानाशी वाकला.

"आई, सहज विचारतो. पेट्रोल थोडं कमी असलं तर काय होतं हो?"

"कधी?"

"असं... जोरात पळवताना."

"पंप हवा ओढतो. इंजिनाला पेट्रोल पुरत नाही, आतली आग भडकते आणि पिस्टनला भोक पडतं. माझ्या एका जोडीदारिणीचं गेलं होतं तसं. बघता बघता भंगार." सासूबाईंनी मान वळवली. "का?"

"काही नाही. काटा अर्ध्यावर आहे म्हणा."

"तो काटा अर्ध्याच्या खाली येतच नाही. अडकतो. माहितीये ना तुम्हाला?"

कोचला माहीत होतं. आत ट्यूनरबाईने बोट वर केलं. आता पूर्ण ताकदीने.

"थांबा!" कोच ओरडला. पंखा, इंजिन आणि कानबंद, तिन्हींनी मिळून त्याचा आवाज गिळून टाकला. तो हातवारे करत पुढे धावला. बाईची नजर लॅपटॉपवर.

बॉक्सिंगमध्ये आपला खेळाडू जबर मार खाऊ लागला, की कोच रिंगणात टॉवेल फेकतो. लढत तिथेच थांबते. उभ्या आयुष्यात कोचने टॉवेल फेकला नव्हता, आणि याचा त्याला फार अभिमान होता. आता मात्र त्याने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि पंख्यासमोर भिरकावला. वाऱ्याने तो उचलला आणि सपकन समोरच्या काचेवर थापला.

बाईचा पाय सुटला. आवाज उतरत उतरत थांबला. शेडमध्ये फक्त पंखा घरघरत राहिला.

"टाकी रिकामी आहे," कोच म्हणाला. "मी रिकामी ठेवली. हलकी व्हावी म्हणून."

बाई खाली उतरली. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने आकडे मागे सरकवले, मग बॉनेटवर कान टेकल्यासारखी वाकली. कोच श्वास रोखून उभा होता. अंतिम फेरीच्या निकालालाही त्याने एवढा रोखला नव्हता.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "पाव मिनिट उशीर केला असतात, तर मी इथे रडत असते आणि तुम्ही पळत असता."

कोच मटकन खाली बसला. तेलाच्या डागावर बसला, पण उठला नाही. सासूबाई काठी टेकत त्याच्यापर्यंत आल्या.

"लेक सांगायची, तुम्ही पोरांना पाणीसुद्धा पिऊ देत नव्हतात. मला वाटायचं, नवऱ्याची तक्रार करायची म्हणून काहीही सांगते." मग मेहुण्याकडे वळून म्हणाल्या, "हसतोस काय? कॅन घे आणि पेट्रोल आण. सांडू नकोस. आणि यांच्यासाठी पाणी."

बाईने काचेवरचा टॉवेल ओढून गाडीत टाकला. टाकी भरली, गाडी पुन्हा धावली, आणि या वेळी शेवटपर्यंत धावली. आकडा तीनशेच्या बराच खाली आला. "चारशे म्हणत होता तो," मेहुणा पुटपुटला. कोचने आकडा बघितलाही नाही. तो इंजिन ऐकत होता. एकसारखं, भरल्या पोटाचं, समाधानाने गुरगुरणारं.

"घरी मी चालवणार," सासूबाईंनी किल्ली मागितली.

"आई, मी शेजारी बसतो ना."

"कशावर?"

कोचने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. गाडी शेडबाहेर पडली, कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली. कोच दारात उभा राहून ऐकत राहिला. दुसरा गिअर. तिसरा. कुठे ठोका नाही, खाकरणं नाही. दूरवर चौथा पडला, तेव्हा त्याचे खांदे खाली आले. त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि सगळी संपवूनच खाली ठेवली.

"भाऊजी, तुमचा टॉवेल गाडीतच राहिला," मेहुणा म्हणाला.

"राहू दे. यापुढे तो कधी फेकायचा, ते त्याच ठरवतील."