चार घंटा राहिल्या

कल्पना करा हं. तुम्ही सहावीत आहात. शनिवार पेठेतली सकाळची शाळा. साडेसातला गणिताचा तास सुरू झाला आणि आता पावणेदहा वाजले, तरी तो चालूच आहे!

स्पृहाच्या वर्गात अगदी असंच झालं. शाळा भरल्यानंतरची प्रत्येक घंटा कॉम्प्युटर वाजवायचा, आणि आज त्यातली एकही वाजली नव्हती. मधल्या सुट्टीत हिंदुराव सर खो-खोचा संघ निवडणार होते. स्पृहाला त्यात जायचंच होतं.

"बाई, घड्याळात बघा ना!"

"घड्याळ भिंतीच्या शोभेसाठी आहे," श्यामलाबाई फळ्यावरून नजर न हटवता म्हणाल्या. "आपल्या शाळेत घंटा झाल्याशिवाय काही सुरू होत नाही आणि काही संपत नाही. फारच घाई असेल तर जा, शिपाईमामांना विचार."

स्पृहा धावतच ऑफिसात गेली. कचरूमामा कॉम्प्युटरपुढे हात जोडून बसले होते.

"मामा, काल तर वाजत होती. मग काल शाळा सुटल्यावर काय बदललं?"

"म्या काय बी केलं नाय. त्यानंच तीनदा इचारलं, अपडेट करू का? एवढं इचारतोय, तर म्हटलं कर बाबा!"

स्पृहानं आधी एक गाणं लावून पाहिलं. खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर ठीक, वायरही ठीक. अपडेटमध्ये साउंड ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज सांभाळणारा भाग, नवा आला होता. गाण्याचं त्याच्याशी जमलं. घंटेचा प्रोग्राम मात्र दहा वर्षांचा म्हातारा, तो या नव्या पाहुण्याला ओळखेचना. मामांना विचारून तिनं जुना ड्रायव्हर परत आणला.

लगेच पडद्यावर ओळ उमटली : 'चार घंटा राहिल्या आहेत. वाजवू?'

"बघा, किती गुणी आहे!" मामा खूश झाले. "वाजव म्हणावं."

स्पृहानं बोटं मोजली. पहिली घंटा, एक तास संपला. दुसरी, आणखी एक. तिसरी झाली की मधली सुट्टी. आणि चौथी झाली की सुट्टी संपली. म्हणजे अख्खी सुट्टी जेमतेम काही सेकंदांची!

तिनं क्षणभर विचार केला आणि 'हो' दाबलं.

टण! टण! टण!

वर्गावर्गांतून आरडाओरडा करत मुलं बाहेर पडली. तेवढ्यात स्पृहा वाकली, तिनं स्पीकरची वायर उपटली, मामांच्या हातात ठेवली आणि मैदानाकडे धूम ठोकली.