सेको, होन्दा आणि ताटातली सुपारी

शब्दाचा शुद्ध उच्चार म्हणजे माणसाच्या संस्काराची खूण, असं भीमरावांचं ठाम मत होतं. स्वतः ते ‘पाणी’ला जन्मभर ‘पानी’ म्हणत आले होते आणि त्याची त्यांना खंत नव्हती. त्यांची शुद्धता जपानी शब्दांपुरती होती. सोलापुरात नवी पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक ‘हिटाची’ म्हणालं की ते हातातलं काम खाली ठेवत आणि ‘हिताची, हिताची’ असं दोनदा सांगत. दुकानात जपानी माल क्वचितच येई. तो बिघडत नाही म्हणून येत नाही, असं ते सांगत.

मानसिंगरावांना आपल्या या मेव्हण्याचं एरवी कौतुक होतं. आज मात्र त्यानं तोंड उघडू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

आज नातेपुत्याहून पाहुणे बैठकीला येणार होते. मानसिंगरावांच्या मुलीला मुलगा आणि मुलाला मुलगी पसंत होती. राहिलं होतं देण्याघेण्याचं बोलणं. आधीच्या दोन सोयरिकी याच बोलण्यात मोडल्या होत्या, दोन्ही मोटारसायकलपाशी. मानसिंगराव गिरणीत कारकून होते. त्यांच्याकडून मोटारसायकल निघणं शक्य नव्हतं आणि ते तसं सांगून टाकत. सकाळी मुलीनं आई वच्छलाबाईंकडून निरोप पाठवला होता, “या वेळी मोडू नका म्हणावं.”

पाहुणे आले. मुलाचे चुलते आबासाहेब पुढं बसले, मुलाची आजी रंभाबाई भिंतीला टेकल्या. चुरमुऱ्याच्या सुशील्याच्या बशा रिकाम्या झाल्या. मधोमध ताटात तांदळावर एक अख्खी सुपारी ठेवली होती. बोलणं पुरं झालं की ती आबासाहेबांनी फोडायची. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग कुणी काही मागायचं नाही. फुटेपर्यंत मात्र मागायला कसलीच आडकाठी नव्हती.

आबासाहेबांनी चंचीतून स्वतःची सुपारी काढली, अडकित्त्यानं कातरून तोंडात टाकली.

“आमचं तसं कायबी मागणं न्हाय,” ते म्हणाले. मानसिंगराव सावध झाले. “पोराची हौस म्हून एक घड्याळ. सायको.”

“सेको,” भीमराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी दाराआडून भावाकडं पाहिलं. तो तिकडं बघतच नव्हता.

“काय म्हनला?”

“सेऽको. ‘से’ जरा लांबवायचा, पाव्हनं. सायको म्हंजे अगदीच हे वाटतं.”

“आवो, मुंबईचा दुकानदार सायको म्हनत हुता. मी सोता ऐकलंय.”

“दुकानदाराला काय कळतंय? त्यानं इकायचं.”

“आन तुमी जपानला जाऊन आला व्हय?”

“जायला कशाला पायजे? रोज रेडिओ जपान लावतो मी.”

“त्यात घड्याळाचं नाव घेत्यात?”

“न्हाय. पन बोलायची ढब कळती की.”

मानसिंगरावांनी घसा खाकरला. “भीमा, पाहुणे म्हणतील ते.”

“दाजी, तुमी नगा मदी पडू,” भीमराव म्हणाले.

“नगा पडू,” आबासाहेबही म्हणाले. त्यांनी मांडी बदलली आणि अडकित्ता सरसावला. हा माणूसही त्याच रोगानं पछाडलेला होता, हे मानसिंगरावांच्या आत्ता ध्यानात आलं. “बरं, मग सॅनसुई का सानसुई?”

“सानसुई.”

“हां, ते मला म्हायती हाय. अकाई?”

“आकाई. पयला आ. शेवटाला जोर द्यायचा न्हाय.”

“आमच्या कारखान्याचा इंजिनेर अकय म्हन्तो.”

“इंजिनेरच हाय तो.”

असं बराच वेळ चाललं. आबासाहेबांची चंची रिकामी झाली. मग ते पुढं सरकले. “आता ह्ये सांगा. ती जपानी फटफटी. होंडा का हाँडा?”

मोटारसायकलच आली, मानसिंगरावांनी ओळखलं. बोलणं फिरून फिरून शेवटी तिथंच येऊन थांबलं होतं. आता ‘आणि त्यावरनं आठवलं’ एवढंच म्हणायचं बाकी होतं.

“दोन्ही न्हाय,” भीमराव शांतपणे म्हणाले. “होन्दा. तिकडं ‘ड’च न्हाय.”

“होन्दा?” आबासाहेबांना ते सहन होईना. “होन्दा? गोंदा म्हनल्यागत? एवढी फटफटी आन तिला होन्दा?” बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं सुपारीकडं गेला. चंचीत काही नव्हतं. समोर ताटात होतं. अडकित्ता कटकन वाजला आणि अर्धं खांड तोंडात गेलं.



“आबा,” रंभाबाई म्हणाल्या, “सुपारी फोडलीस की रं.”

आबासाहेबांनी ताटाकडं पाहिलं. “आई, माझं ध्यान होंडात हुतं.”

“ध्यान कुटंबी असंना. फुटली न्हवं?”

“आजून एक बोलायचं ऱ्हायलं हुतं.”

“ऱ्हाऊ दे. साखर आन गं, पोरी.”

पोरगी दाराशीच साखरेची वाटी घेऊन उभी होती. मानसिंगरावांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. पहिली चिमूट त्यांनी भीमरावांच्या तोंडात कोंबली, नेहमीपेक्षा मोठी. भीमरावांनी ती जरा फुगूनच खाल्ली. होन्दाचा निकाल लागला नव्हता.

वैशाखात लग्न झालं. जावयाला घड्याळ दिलं. ते आपलं देशी एचएमटीचं होतं.